आमची वाटचाल : आधी डायल, मग पाना

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे. आत फारसं काही नाही. एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, बेअरिंग तापवायचा इंडक्शन हीटर आणि भिंतीला टांगलेल्या चेनपुल्या. खरं काम दुसऱ्यांच्या कारखान्यात चालतं. नवं मशीन ट्रकवरून उतरवायचं, फाउंडेशनवर बसवायचं, लेव्हल करायचं, मोटर आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणायचे आणि पुढं कधी कुरकुरायला लागलं तर कारण शोधायचं. हा मिलराईटचा धंदा. सांगलीत आम्हाला सगळे फिटरवालेच म्हणतात.

आयटीआय झाल्यावर मी एका साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये शिकाऊ म्हणून लागलो. तिथले हेड फिटर तात्या यांच्या हाताखाली जे शिकलो, त्यावर आजही घर चालतं. उसाच्या मिलमध्ये तीन रोलर असतात : वर टॉप, खाली पुढं फीड आणि मागं डिस्चार्ज. खालच्या दोन रोलरच्या मधे ट्रॅश प्लेट, म्हणजे पिळलेला ऊस पुढच्या रोलरवरून मागच्याकडं नेणारी पट्टी. ही प्लेट जरा उंच बसली की टॉप रोलरचा दाब उसावर पडायच्या ऐवजी प्लेटच खाते आणि झिजून जाते. खाली गेली तर रोलर घसरतो, मिल ऊस ओढेनाशी होते. हे सगळं हंगाम संपल्यावर खोलायचं आणि दिवाळीच्या आसपास मोळी पडायच्या, म्हणजे नवा गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत जागेवर बसवायचं. गाळप सुरू झाल्यावर मिल तासभर जरी थांबली तरी यार्डात गाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो आणि साखरेचा उतारा घसरतो. मग चीफ इंजिनिअरचा फोन काही थांबत नाही.

गनमेटलचं बेअरिंग बसवायला तात्यांनी शिकवलं. शाफ्टला निळ्याचा, म्हणजे खुणेच्या निळ्या रंगाचा, पातळ हात द्यायचा, शाफ्ट बेअरिंगमध्ये ठेवून फिरवायचा आणि उचलायचा. जिथं निळा लागला तो उंचवटा. तो स्क्रेपरनं हलकेच खरवडायचा, पुसायचा, पुन्हा शाफ्ट ठेवायचा. सगळीकडं सारखे ठिपके उमटेपर्यंत हेच चालू. एकदा मी कंटाळून जोरात हात मारायला लागलो तेव्हा तात्या म्हणाले, “तुला घाई असंल तर घरी जा. बेअरिंगला घाई नाही.”

२००५च्या महापुराच्या पुढच्या वर्षी नोकरी सोडून आम्ही दोघा भावांनी फर्म काढली. सुरुवातीला हळदीचे पॉलिश ड्रम, तेलघाण्या, फाउंड्रीतले ब्लोअर अशी किरकोळ कामं. साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं नंतर मिळाली. ती मोठी, पण वर्षातले काही महिनेच.

या धंद्यातली खरी अडचण सांगतो. सुटा भाग बदलला की गिऱ्हाईक पैसे देतं. मोजमाप केलं की देत नाही. मिरजेकडच्या एका युनिटमध्ये ब्लोअरचं बेअरिंग दर काही महिन्यांनी जायचं. त्यांनी महागातली बेअरिंगं घालून पाहिली, ग्रीस बदललं. आम्ही गेलो आणि काहीही न खोलता मोटरच्या पायाशी डायल, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावला. एकेक बोल्ट सैल करत गेलो. तीन पायांना काटा जागचा हलला नाही, चौथ्याला पाय उचलला गेला. म्हणजे तो पाय बेसवर टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की मोटरची बॉडीच पिळली जायची. त्या पायाखाली मापाची शिम, म्हणजे पातळ पत्रा, घातली, दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग जुळवलं आणि मशीन गप्प झालं. मालक बिल बघून म्हणाले, “नुसता पत्र्याचा तुकडा घातलाय, आणि एवढे पैसे?”

तेव्हापासून बिलात तपासणी आणि अलाइनमेंट वेगळ्या ओळीत लिहितो. सोबत आधीचं आणि नंतरचं रीडिंग कागदावर, सहीसकट. काही गिऱ्हाइकं त्यामुळं तुटली. जी राहिली ती आता काम काढायच्या आधी मागच्या वर्षीचा कागद मागतात.

२०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्यानं ५७ फूट ओलांडले. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, मशीन चालू कधी करायचं? आमचं उत्तर, लगेच नाहीच. गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग काढला की दुधासारखं पांढरं तेल यायचं. ते काढून, आतला गाळ धुऊन, बेअरिंगं बघितल्याशिवाय फिरवायचं नाही. मोटरचं वाइंडिंग वाळवून मेगर केल्याशिवाय, म्हणजे त्याचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते मोजल्याशिवाय, लाइन द्यायची नाही. ज्यांनी धीर धरला त्यांच्या मोटरी वाचल्या.

पोरगं कामाला घेताना ते हातोडा कसा मारतं हे मी बघत नाही. कपलिंगवर डायल लावून रीडिंग घ्यायला सांगतो. पूर्ण फेरीत काटा मिलिमीटरचे २० शतांश हलला तर शाफ्ट किती सरकलाय? बहुतेक जण २० म्हणतात. खरं उत्तर १०, कारण कपलिंगच्या घेरावर डायल फरक दुप्पट दाखवतो. उत्तर चुकलं तरी चालतं, सांगितल्यावर कागदावर आकृती काढून बघणारा पोरगा मला हवा असतो. ड्रॉइंग वाचणं, थोडं वेल्डिंग, थोडं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिकल हे दोन-तीन वर्षांत येतं. वजन उचलायला शिकायचं तर खलाशांसोबतच, म्हणजे जड यंत्रं दोर-साखळीनं उचलून हलवणाऱ्यांसोबतच, राहावं लागतं. स्लिंग कुठं बांधायची आणि लोड कुठं झुकणार, हे त्यांच्याइतकं पुस्तकात नाही. काम चालू असताना कुणी लाइन देऊ नये म्हणून पॅनेलवर लावलेलं कुलूप मात्र ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, या बाबतीत माझ्या सख्ख्या भावालाही सवलत नाही.

अलीकडं कर्ज काढून लेझर अलाइनमेंटचा सेट घेतला. पोरं खूश. पण तो यंत्र थंड असतानाचं सांगतो. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनची सेंटरलाइन अर्धा मीटर उंचीवर असेल आणि पाया ५० अंशांनी तापला, तर लोखंड सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतं. तेवढं टर्बाइन थंडपणी मुद्दाम खाली ठेवावं लागतं, आणि किती ठेवायचं ते लेझरला आपणच सांगायचं असतं. म्हणून पहिलं वर्ष नव्या पोराला डायलवरच काढायला लावतो.

फाउंड्र्या आणि सूतगिरण्यांची देखभालीची कामं हातात आल्यापासून पोरांचे पगार हंगामावर अवलंबून राहिले नाहीत. साखरेची बिलं मात्र अजून पुढच्या मोळीलाच निघतात.