वाळूने घासून घडवलेले जेड

जेडचे दागिने कोरलेले असतात असे आपण सहज म्हणतो. पण प्राचीन चीनमधील कारागिरांनी जेड छिन्नीने कोरले नाही, कारण ते तसे कोरताच येत नाही. त्यांच्या हाती असलेले जेड म्हणजे नेफ्राइट होय. हा दगड पोलादाइतका किंवा त्याहून थोडा अधिक कठीण असतो, आणि त्याच्या सूक्ष्म तंतूंची वीण इतकी घट्ट असते की घाव घालून त्याला हवा तसा आकार देणे अशक्यप्राय ठरते. आज दुकानांत जेड म्हणूनच मिळणारे चमकदार हिरवे जेडाइट हा निराळा दगड; तो ब्रह्मदेशातून चीनमध्ये पोहोचला तो मुख्यतः अठराव्या शतकात, म्हणजे फारच उशिरा.

मग उपाय एकच उरतो: ओली वाळू, दोरी, बांबूची नळी आणि वेळ. आमच्याकडच्या जुन्या विहिरींच्या काठाच्या दगडांवर दोराने पडलेल्या खोल खाचा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की तिथे खाच नकळत पडते, आणि चिनी कारागीर दोरीला गारगोटीची वाळू लावून ती मोजूनमापून पाडत असे.

या कामाची परिसीमा मला पूर्व चीनमधील हांगचौ शहराजवळच्या लियांगचू संस्कृतीत दिसते. इ. स. पू. 3300 ते 2300 या काळातील या लोकांकडे धातूची हत्यारे नव्हती. तरीही फानशान येथील एका थडग्यात सुमारे साडेसहा किलो वजनाचा ‘त्सोंग’ मिळाला. बाहेरून चौकोनी आणि आत गोल पोकळी असलेल्या या वस्तूवर पिसांचा मुकुट घातलेला मनुष्य आणि मोठ्या डोळ्यांचा पशू यांची एकत्रित आकृती आहे. ती जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची असून तिच्यातील रेषा इतक्या बारीक आहेत की एका मिलिमीटरच्या जागेत अनेक रेषा मावतात.

त्या मानाने मानचंग येथे 1968 मध्ये सापडलेला हान घराण्यातील राजपुत्र ल्यू शंगचा दफनाचा जेडपोशाख मला तितकासा भावत नाही. सोन्याच्या तारेने ओवलेल्या 2498 चकत्यांचा तो पोशाख वैभवाचे प्रदर्शन आहे, आणि थडगेचोरांसाठी आमंत्रणही! त्याहून कितीतरी आधीच्या शांग घराण्यातील राणी फू हाओचे थडगे मात्र वेगळे आहे. 1976 मध्ये उघडलेल्या त्या थडग्यात साडेसातशेहून अधिक जेडवस्तू होत्या आणि त्यांपैकी काही तिच्या काळापेक्षाही बऱ्याच जुन्या होत्या; म्हणजे राणीलाही पूर्वजांच्या कारागिरीचा सोस होता.

विदर्भातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाणयुगीन शिळावर्तुळे आहेत, तसेच अकीक आणि कार्नेलियन (लालसर अकीक) यांचे मणी घडवण्याचे प्राचीन केंद्रही होते. दगड वेगळा, काळ वेगळा, आणि या दोन ठिकाणांचा परस्परसंबंध सुचवण्याचा माझा हेतू नाही; परंतु कठीण दगडाला आरपार भोक पाडण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच होती. त्सोंगची पोकळी दोन्ही टोकांकडून नळीने घासत आणली जाई, आणि मध्यभागी दोन्ही भोके किंचित चुकली की आत एक बारीक कडा राहून जाई. म्हणून संग्रहालयात त्सोंग पाहण्याचा योग आला तर बाहेरची नक्षी पाहून झाल्यावर पोकळीत वाकून पाहावे. कारागिराने काम कुठे जुळवले ते तिथे कळते.