सॉफ्ट कोरलचा टँक आणि ओझोन : पावसाळा उतरतानाच्या नोंदी

मंडळी, माझ्या समुद्री टँकच्या पाण्यात ओझोन वायू सोडणं आता रोज चालू आहे. चार फुटी टँकच्या एका टोकाकडून आरपार पाहिलं तर पलीकडच्या काचेला लावलेली पांढरी प्लास्टिकची पट्टी पांढरीच दिसते. उन्हाळ्यात हीच पट्टी पिवळट दिसायची. ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद दाखवणारा विद्युतदाब) दिवसभरात ३२५ ते ३६० मिलिव्होल्टच्या दरम्यान फिरतो. मासे, कोळंबी, कोरल सगळे व्यवस्थित आहेत. इथवर कसा आलो आणि वाटेत काय काय मोजलं, ते सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत आणि आपल्या प्रकारच्या टँकमध्ये ओझोन चालवण्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

टँक ठाण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आहे. सम्प (उपकरणांसाठीची जोड-टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण ३०० लिटर. क्षारता ३५ पीपीटी, तापमान चिलरवर २६ अंश. आत मोठे लेदर कोरल, झोआंथस, मशरूम, झेनिया असे सॉफ्ट कोरल, क्लाउन माशांची जोडी आणि एक क्लीनर श्रिंप. हार्ड कोरल (कठीण सांगाड्याचे प्रवाळ) नाहीत आणि येणारही नाहीत. भित्ती बांधणारे सगळे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात, आले. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन यांनाही तेच संरक्षण मिळालं. मला हा नियम मनापासून पटतो. मालवणच्या समुद्रातला प्रवाळ मालवणच्या समुद्रातच राहावा. माझ्या टँकमधले दगडही सिरॅमिकचे आहेत.

ओझोनचा विचार आपण वेगळा करायला हवा, तो याच कारणाने. परदेशातले बहुतेक लेख अॅक्रोपोरा या हार्ड कोरलच्या टँकसाठी लिहिलेले असतात. आपले टँक लेदर, झोआ आणि मशरूमने भरलेले. लेदर कोरल शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी टर्पीन वर्गातली रसायनं पाण्यात सोडतात, अधूनमधून मेणचट कात टाकतात. शिवाय अन्न, विष्ठा, शेवाळ यांतून येणारी पिवळी सेंद्रिय द्रव्यं असतातच. यातली बरीचशी सक्रिय कार्बन (गाळणीतला कोळसा) ओढून घेतो, पण कार्बन थकला की रंग परत चढतो. ओझोन या पिवळ्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो. रंग त्या बंधांमुळेच दिसत असल्याने तो जातो, आणि उरलेले तुकडे जिवाणूंना खायला सोपे पडतात. ओझोनकडून माझी अपेक्षा एवढीच होती: पाण्याचा रंग जावा आणि लेदरच्या रसायनांचा भार थोडा हलका व्हावा.

ओझोनच्या आधी

ओझोनायझर (ओझोन तयार करणारं यंत्र) जोडण्यापूर्वी ओआरपी आणि पीएच मोजणारे प्रोब बसवून नुसत्या नोंदी घेत राहिलो. हा टप्पा कुणी गाळू नये. ओझोनशिवाय आपला टँक कसा वागतो हे माहीत नसेल, तर पुढे ओझोनने नेमकं काय केलं हे कळणार कसं?

माझ्या टँकचा ओआरपी ओझोनशिवाय २६५ ते २९५ मध्ये असायचा. पहाटे दिवे लागण्याआधी सर्वांत वर, संध्याकाळी सर्वांत खाली. त्याच आलेखावर पीएच काढला तर तो बरोबर उलटा: पहाटे ७.८५, संध्याकाळी ८.२. पीएच एका अंकाने चढला तर ओआरपी सुमारे ५९ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणजे ०.३५ च्या फरकाने वीसेक मिलिव्होल्ट खाली येणारच, पाण्याच्या शुद्धतेत काडीचाही फरक न पडता. ज्यांच्या घरी एसीसाठी खिडक्या दिवसभर बंद असतात, त्यांच्याकडे कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो आणि ओआरपी चांगला दिसायला लागतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की पीएच नोंदवल्याशिवाय ओआरपीच्या आकड्यावर बोलू नये.

बाकीच्या हालचालीही ओळखीच्या झाल्या. गोठवलेलं मायसिस (माशांचं खाद्य) घातलं की आकडा तीस-चाळीसने पडतो आणि रात्रीपर्यंत सावरतो. सम्पमध्ये हात घातला तरी पडतो. कॅल्कवॉसर (चुन्याची निवळी) टाकलं की पीएच चढल्यामुळे पडतो.

ओआरपीच्या प्रोबबद्दल थोडं. टोकाला प्लॅटिनम असतो, आत सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ. नवा प्रोब खऱ्या पाण्यात स्थिरावायला काही दिवस घेतो. तपासणीसाठी मी पीएच ७ आणि पीएच ४ च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या द्रावणात) क्विनहायड्रोन या रसायनाची पूड, थोडी तळाशी न विरघळता उरेल इतकी घालतो. २५ अंशांना वाचन साधारण ८६ आणि २६३ च्या आसपास यायला हवं. दोन्हींमधला फरक १७७ च्या जवळ असेल तर प्रोब जिवंत आहे, मग दोन्ही आकडे थोडे वरखाली सरकलेले असले तरी चालतं. द्रावण दर वेळी ताजं करायचं, हातमोजे घालायचे आणि ते पाणी टँकच्या जवळपासही न्यायचं नाही.

सम्पमध्ये मी दोन प्रोब शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही तपासणीत नीट उतरलेले, तरी टँकच्या पाण्यात त्यांच्यात वीस-पंचवीसचा फरक राहतो, आणि एकावर जैविक थर चढला की तो अजून वाढतो. तेव्हा एकाचा ३८० आणि दुसऱ्याचा ३४० यावरून कोणाचं पाणी चांगलं हे ठरत नाही. आपल्याच प्रोबचा, आपल्याच टँकमधला, आठवडाभराचा कल तेवढा खरा.

जुलै : हवा कोरडी करण्याचं काम

ओझोनायझर कोरोना डिस्चार्ज प्रकारचा (हवेत विजेचा झोत सोडून ओझोन बनवणारा) आहे, तासाला जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅमचा, नॉब असलेला. हौशी टँकसाठी सांगितली जाणारी मात्रा एका अमेरिकन गॅलनला तासाला ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम अशी आहे. ३०० लिटर म्हणजे सुमारे ७९ गॅलन, तेव्हा २४ ते ४० मिलिग्रॅम. सुरुवात मी १० च्या खुणेवर केली आणि हळूहळू २५ पर्यंत आलो.

पण हे आकडे कोरड्या हवेचे आहेत, आणि जुलैत ठाण्यात कोरडी हवा असते कुठे! दमट हवा डिस्चार्जमधून गेली की ओझोन कमी तयार होतो आणि हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल बनून सेल खराब होतो. म्हणून एअर पंपानंतर आणि ओझोनायझरच्या आधी सिलिका जेलच्या दोन उभ्या नळ्या एकामागोमाग एक लावल्या. पहिल्या नळीतल्या दाण्यांचा रंग पूर्ण बदलला की ती काढायची, दुसरी पहिलीच्या जागी सरकवायची आणि ताजी भरलेली शेवटी लावायची. अशाने ओझोनायझरला कायम बरीच कोरडी हवा मिळते. दाणे नारिंगी रंगाचे घ्या. ओलावा धरला की ते हिरवे होतात. निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात, ते घरात नकोत. ओले दाणे १२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा कामाला येतात. त्यासाठी जुना ओटीजी वेगळा ठेवला आहे, स्वयंपाकाच्या ओटीजीत हे करू नये.

हवा शक्यतो एसी चालू असलेल्या खोलीतून घ्या. एसीने निम्मं काम आधीच केलेलं असतं. हॉलमधून हवा घेत होतो तेव्हा भर पावसात दाणे पटापट हिरवे व्हायचे. बेडरूममधून नळी आणल्यावर तेच दाणे कितीतरी जास्त टिकायला लागले.

पाण्यात पुढे काय होतं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ६५ ते ६७ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतो. ओझोन पाण्यात शिरला की काही सेकंदांत त्याच्याशी अभिक्रिया करतो आणि हायपोब्रोमस आम्ल, हायपोब्रोमाइट तयार होतात. ओझोन संपतो, पण ही ब्रोमीनची द्रव्यं रेंगाळतात, आणि माशांच्या कल्ल्यांना धोका त्यांचा असतो. त्यातला काही भाग पुढे ब्रोमेट होतो आणि कार्बन तो फारसा पकडत नाही. त्यासाठी दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं चालूच आहे.

माझ्याकडे ओझोन स्किमरमध्ये (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या उपकरणात) जातो. स्किमरमधून बाहेर पडणारं सगळं पाणी दाबून भरलेल्या कार्बनच्या थरातून, वरून खाली, असं काढलं आहे. कार्बनला नुसतं चाटून जाणारं पाणी उपयोगाचं नाही. आता, कार्बन आपलं काम करतोय हे कळणार कसं? टँकमधला ओआरपी ते सांगत नाही. तो ३४० दाखवत असतानाही कार्बनमधून थोडं ऑक्सिडंट निसटत असू शकतं. त्यासाठी क्लोरीन तपासायचं डीपीडी किट घ्या, स्वस्त मिळतं. ब्रोमीनच्या या द्रव्यांनाही ते गुलाबी रंग देतं. मी स्किमरच्या तोंडाशी एक नमुना घेतो आणि कार्बननंतर एक. पहिल्यात हलकी गुलाबी छटा, दुसऱ्यात काहीच नाही, असं दिसायला हवं. दुसऱ्यात पुसटशी छटा जरी आली तरी कार्बन त्याच दिवशी बदलायचा. ज्यांना या सगळ्यात एकच उपकरण परवडत असेल त्यांनी ओआरपी मीटरच्या आधी हे किट घ्यावं, असं मी ठामपणे म्हणेन.

ऑगस्ट : नियंत्रण आणि वास

ओझोन चालू-बंद करणारा कंट्रोलर ईएसपी-३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर बनवला आहे. ओआरपी आणि पीएचचे बोर्ड विद्युतदृष्ट्या एकमेकांपासून वेगळे केलेत, नाहीतर एकाच पाण्यातले दोन प्रोब एकमेकांचं वाचन बिघडवतात. ओआरपी ३६५ च्या वर गेला की ओझोन बंद. २०० च्या खाली गेला तरीही बंद, कारण पाणी खरोखर इतकं खाली जात नाही. प्रोब कोरडा पडला किंवा बिघडला की असा आकडा येतो, आणि त्यावर विश्वास ठेवून कंट्रोलर ओझोन ओतत राहील. दिवसभरात किती तास चालेल यालाही कमाल मर्यादा घातली आहे. ओझोनायझरची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे संपर्क कधी कधी चिकटून बसतात, म्हणून त्याच्याशी सिरीजमध्ये ४०० ला तोडणारा बाजारातला स्वतंत्र कंट्रोलर ठेवला, त्याचा प्रोबही वेगळा.

वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त वेव्ह पंप चालतो, ओझोनायझर कधीच नाही. वीज परत आल्यावर स्किमर नीट चालायला लागून काही मिनिटं झाली की मगच ओझोन सुरू होतो. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट वारंवार येते-जाते, तेव्हा हा विलंब फार उपयोगी पडला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आई म्हणाली, "अरे, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास येतोय बघ." तो ओझोनचाच वास होता. लगेच बंद करून खिडक्या उघडल्या. एअरलाइनमधल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा रबरी पडदा चिरला होता. ओझोनसमोर साधं रबर टिकत नाही. नायलॉनही ठिसूळ होतं. आता व्हॉल्व्ह पीव्हीडीएफ प्लास्टिकचा आहे आणि नळी सिलिकॉनची, तीही ठरावीक काळाने बदलायची. स्किमरच्या झाकणावर हवेसाठी कार्बनचा वेगळा डबा आहे. तिथली हवा ओली असल्याने तो कार्बन लवकर निकामी होतो, तो आठवणीने बदलत जा.

भारताच्या २००९ च्या हवा मानकांत ओझोनची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. नाकाला वास त्याहून कमी प्रमाणातही येऊ शकतो, पण थोड्या वेळाने नाक सरावतं. त्यामुळे दिवसभर टँकशेजारी बसणाऱ्याने स्वतःच्या नाकावर विसंबू नये. बाहेरून घरात येणाऱ्या माणसाला विचारावं. घरात दमा असलेलं कोणी असेल तर माझ्या मते ओझोन नकोच. कार्बन आणि पाणी बदलणं यावरही सुंदर टँक चालतो.

फरक काय पडला

रंग सर्वांत आधी गेला, ओआरपी हलण्याच्याही आधी. ओआरपी ३०० च्या पुढे सरकायला बराच अवधी लागला, पट्टी मात्र पहिल्या काही दिवसांतच उजळली. पाणी स्वच्छ झालं की त्याच दिव्याचा जास्त प्रकाश कोरलपर्यंत पोहोचतो, निळा तर विशेष, कारण पिवळं पाणी निळा प्रकाशच खातं. म्हणून एलईडी आधीच पंधरा टक्क्यांनी उतरवली होती आणि आता हळूहळू परत चढवतोय. सावलीत बसलेले मशरूम या बदलाला फार नाजूक असतात. लेदर जास्त वेळ उघडे राहतात आणि कात लवकर टाकून मोकळे होतात. झेनियात काहीच फरक नाही.

नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ पीपीएम, दोन्ही होते तिथेच. ओझोन त्यांच्यासाठी नाहीच. काचेवरचं शेवाळही पूर्वीइतकंच येतं. स्किमर कमी मात्रेत दाट फेस काढायचा. २५ च्या वर नेलं तर फेस पातळ होतो, कारण फेस धरणारी द्रव्यंच तुटायला लागतात. मी तिथे थांबलो ते यामुळे. पांढऱ्या डागांच्या रोगावर याचा उपयोग होईल का, असं काही मित्र विचारतात. घरगुती मात्रेत तो भरवसा धरू नका. नवा मासा आधी क्वारंटाइनमध्येच.

पुढे

ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होत जाईल. नॉब आहे तिथेच ठेवला तरी पावसाळ्यापेक्षा थोडा जास्त ओझोन तयार होईल, मग दाणे कितीही ताजे असोत. म्हणून महिनाअखेरीस नॉब २० वर आणणार आहे आणि तिथून डीपीडी बघत बघत परत वर जाईन. ३६५ ची मर्यादा तशीच राहील. दोन्ही प्रोब साफ करून क्विनहायड्रोनवर पुन्हा तपासायचे आहेत, आणि पीएच वाढवण्यासाठी स्किमरची मुख्य हवा खिडकीबाहेरून घ्यायची आहे. त्याने पीएच ८.१ च्या वर टिकला तर ओआरपी दहा-पंधराने खाली दिसेल. आलेखावर तसा उतार दिसला तरी ओझोन वाढवणार नाही. पट्टी पांढरी आणि कार्बननंतरचा नमुना बिनरंगी राहतोय का, तेवढं पाहीन.