फेस का बसतोय?

सव्वाअकरा वाजले होते आणि माझ्या हातातून गेलेला तिसरा ग्लास परत आला. भरलेला. बिअर वरपर्यंत, पण फेस गायब, कडेला साबणाच्या पाण्यासारखी पांढरी रेघ तेवढी उरलेली. म्युनिकमध्ये वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, अशी समोर ठेवणं म्हणजे आपल्याकडं पाहुण्याच्या ताटात चपटी पुरी वाढण्यासारखं आहे, कोणी भांडत नाही पण चेहरे वाचता येतात.

मी मूळची कोल्हापूरची. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगला फूड टेक्नॉलॉजीत मास्टर्स करते, आणि शनिवार-रविवार नि सुट्ट्यांना म्युनिकमधल्या एका जुन्या विर्ट्सहाउसमध्ये काम करते. विर्ट्सहाउस म्हणजे लाकडी बाकं, जेवण, बिअर, आणि कोपऱ्यात रोज त्याच टेबलवर बसणारे तेच म्हातारे. घरी "हॉटेलात आहे" एवढंच सांगितलंय. कसलं हॉटेल हे आईनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, दोघी सुखी.

आमच्या कॅम्पसच्या टेकडीवरच वाइहेनश्टेफानची ब्रुअरी आहे, लेबलवर 1040 साल मिरवणारी. त्यामुळं वर्गात गव्हाच्या बिअरवर पोटभर बोलणं होतं. केळ्याचा वास येतो तो केळ्याचा नसतो, यीस्टनं तयार केलेल्या आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा असतो, लवंगेचा वास 4-व्हिनाइलग्वायाकॉलचा, माल्टमध्ये निम्मा तरी गहू पाहिजे, हे सगळं मला पाठ. मार्कही चांगले पडलेले. म्हणून मला वाटायचं की वाइसबिअर आपल्याला कळते.

ओतायला मात्र मालकीणबाईंनी शिकवलं. ग्लास अर्ध्या लिटरचा, उंच, बुडाशी निमुळता आणि वर फुगलेला. आधी गार पाण्यानं विसळायचा, पुसायचा नाही, ओलाच घ्यायचा. मग जवळजवळ आडवा धरून बाटलीचं तोंड काचेला टेकवून इतकं सावकाश ओतायचं की मागचं गिऱ्हाईक खोकायला लागतं. ग्लास भरत येईल तसा सरळ करायचा. बाटलीत दोन बोटं बिअर उरली की थांबायचं, बाटली हातात गोल गोल फिरवायची, तळाशी बसलेलं यीस्ट उठतं, ते गढूळ पाणी शेवटी वरून सोडायचं. ते फेसातून ढगासारखं खाली उतरतं ना, ते बघायला मला अजून आवडतं. आपण ताक प्यायच्या आधी तांब्या हलवतो तसंच आहे, न हलवता ओतलं तर वरचं निवळ पाणी पहिल्याला आणि खालचा सगळा ऐवज शेवटच्याला.

तर तो दिवस फ्रोनलायखनामचा, हा चर्चचा सण, ईस्टरनंतर 60व्या दिवशी येतो, गुरुवारच असतो नेहमी, बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, सुट्टी. चर्चची मिरवणूक संपली की लोक चामड्याच्या चड्ड्या आणि बायका डिर्ंडल, म्हणजे इथला पारंपरिक झगा, घालून थेट फ्र्यूशॉपनला, म्हणजे सकाळच्या बिअरला. सोबत पांढरे सॉसेज, वाइसवुर्स्ट, गरम पाण्याच्या भांड्यात येतात, साल काढून गोड मोहरीबरोबर खायचे आणि दुपारी बाराची घंटा व्हायच्या आत संपवायचे असा जुना दंडक. (मी खात नाही, पण वाढताना दंडक पाळते.) म्हणजे सगळी गर्दी दहा ते बारा. आणि नेमकं नऊ वाजता काउंटरखालचं ग्लास धुवायचं मशीन बंद पडलं.

मला ते मशीन बंद पडलंय हे माहिती होतं. पण त्याचा फेसाशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, कारण ग्लास तर येत होते, आतून किचनमधून, गरमागरम, चकाचक.

पहिला ग्लास परत आला तेव्हा वाटलं मी घाईत ओतली. दुसऱ्याला क्रेट बदललं. तिसऱ्याला फ्रिजचं तापमान बघून आले, सात डिग्री, बरोबर होतं. मालकीणबाई लांबून माझ्या हाताकडंच बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत, ते जास्त वाईट.

त्यातच बाहेरच्या टेबलवर पुण्याचं एक कुटुंब. काकांनी ग्लास उन्हात धरला आणि मला म्हणले, "अहो, ही गढूळ आहे, बदलून द्या, आणि लिंबू पण आणा." मराठी ऐकून एवढं बरं वाटलं की मी दोन मिनिटं तिथंच थांबले. म्हणलं, काका, ती गढूळच असते, गाळत नाहीत, गाळलेली पाहिजे तर क्रिस्टाल मिळेल, लिंबू त्यात चालतं, ह्यात टाकलं तर आतली म्हातारी मंडळी बाहेर येतील. मग काकांनी बिअरमध्ये काय घालायचं ते ठरवणाऱ्या 1516 च्या शुद्धतेच्या कायद्याचं काढलं, बिअरचा विषय निघाला की तो निघतोच. म्हणलं, अहो त्या कायद्यात धान्य म्हणून फक्त बार्ली होती, गहू नव्हताच. गव्हाची बिअर म्हणजे राजाची मेहेरबानी, आधी डेगेनबेर्ग नावाच्या सरदार घराण्याला परवाना, 1602 ला त्यांचा वंश संपला तसा तो ड्यूक माक्सिमिलियननं स्वतःकडं ओढला आणि दीडेक शतक रग्गड पैसा केला. पुढं धंदा मंदावला, 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर नावाच्या ब्रुअरला गव्हाची बिअर करायचा हक्क मिळाला म्हणून ती टिकली. काका म्हणले, "म्हणजे देशमुखी होती तर." बरोबरच बोलले.

आणि एवढं भाषण देऊन बघते तर काकांच्या ग्लासातला फेसही बसलेला.

आत आले तर कोपऱ्यातल्या टेबलवरचे आजोबा, रिटायर रेल्वेवाले, रोज तीन वाइसबिअर, सरळ काउंटरच्या मागं येऊन उभे. गिऱ्हाईकानं तिथं यायचं नसतं, पण त्यांना कोण सांगणार. म्हणले, "पोरी, बिअर नको दाखवू, ग्लास दाखव." धुतलेला एक ग्लास घेतला, नळाखाली धरला, पाणी ओतून दिलं आणि उजेडाकडं केला. आतल्या बाजूनं पाणी सलग पसरलंच नव्हतं, थेंब थेंब होऊन तुटलं होतं. मग परत आलेला एक ग्लास उचलून दाखवला, आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले, वर जायला तयारच नाहीत.

मला एकदम घरचा स्टीलचा पेला आठवला. तुपाचा हात लागलेला असला की कितीही विसळा, पाणी त्यावर मोती होऊन पळतं.

आत जाऊन बघितलं. नवीन आलेला पोरगा बिचारा मदत म्हणून ग्लास किचनच्या मशीनमध्ये घालत होता, पोर्क रोस्टच्या रश्श्याच्या ताटांबरोबर, त्याच पाण्यात, आणि वरून ताटं चमकवायचं लिक्विड. डोळ्यांना काच स्वच्छ. पण चरबीचा एवढासा थर फेस मोडायला पुरतो, लिपस्टिकनंही मोडतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे हो, प्रथिनं आणि चरबी आणि पृष्ठताण, आकृतीसकट!

पुढचा तास मी सिंकपाशी. तळघरातून हातानं ग्लास धुवायचं उभ्या ब्रशचं जुनं साधन काढलं, ग्लासाची वेगळी पावडर, कढत पाणी, मग दोनदा गार पाणी, आणि जाळीवर उपडे. साठ-सत्तर ग्लास तरी झाले असतील, बोटं भिजून मनुके झालेली. मालकीणबाई स्वतः ओतायला उभ्या राहिल्या. बाराच्या घंटा वाजल्या तेव्हा सगळ्या टेबलांवर चार बोटं फेस उभा होता. काकांना नवीन ग्लास मी स्वतः नेऊन दिला, त्यांनी वरून ठोकायला पुढं केला तर म्हणलं खालून, बुडाला बूड, वरची काच पातळ असते.

दोन वाजता आजोबांचा हिशोब करायला गेले. इथं प्यायलेल्या ग्लासांच्या रेघा बिअरखालच्या पुठ्ठ्यावर मारतात. त्यांच्या पुठ्ठ्यावर पाच रेघा. मी दोन खोडल्या, परत आलेल्या. उरल्या तीन, पण नवीन ग्लासांतून तर त्यांना मी दोनच दिल्या होत्या. म्हणजे सकाळची पहिली, तीसुद्धा मेलेलीच गेली होती, आणि ती त्यांनी अख्खी संपवली होती.

म्हणलं, तुम्हाला पहिल्याच ग्लासला कळलं होतं ना? मग तेव्हाच का नाही बोललात?

"तहान लागली होती," म्हणले, आणि टोपी घालून निघाले.