बैठक दीडची की अडीचची? कार्यालयातील ईमेल आणि कॅलेंडर मार्गी लावतानाचा माझा अनुभव

आमचा कारखाना बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि विक्री कार्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की या भागातील रस्ते बंदोबस्तासाठी अडवले किंवा वळवले जातात आणि त्या दिवसांत आमच्या बहुतेक बैठका ऑनलाइनच होतात. अशा वेळी कॅलेंडरमधील एक चुकीची नोंद अख्ख्या विभागाचा दिवस वाया घालवू शकते. कंपनीने जुन्या सर्व्हरवरील मेलबॉक्स क्लाउडवर हलवले, तेव्हा प्रशासन विभागात असल्यामुळे त्यासंबंधीच्या तक्रारी ऐकून घेण्याचे आणि शक्य तेवढ्या तिथल्या तिथे सोडवण्याचे काम माझ्याकडे आले.

सुरुवातीलाच मी एक पद्धत ठरवली आणि तिचा मला शेवटपर्यंत उपयोग झाला. तक्रार कोणतीही असो, आधी तोच मेलबॉक्स ब्राउझरमधून उघडून पाहायचा. ब्राउझरमध्ये मेल दिसत असेल आणि संगणकावरील आउटलुक या मेल-कॅलेंडरच्या प्रोग्रॅममध्ये दिसत नसेल, तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष त्या संगणकापुरताच आहे, हे लगेच कळते. मग ‘वर्क ऑफलाइन’ चालू राहिले आहे का ते पाहायचे, कंट्रोल कळ दाबून धरून आउटलुक सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन (त्याला जोडलेले पूरक प्रोग्रॅम) वगळून, उघडायचे आणि तेथे ते सुरळीत चालले, तर ॲड-इन एकेक करून बंद करत दोषी शोधायचा. ब्राउझरमध्येही मेल नसेल, तर मात्र संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नसतो. तेव्हा जंक फोल्डर, मेल आपोआप दुसरीकडे हलवणारे नियम आणि पाठवणाऱ्याकडील नोंद हेच तपासावे लागते.

खरा कस लागला तो कॅलेंडरमध्ये. जर्मनीतील एका ग्राहकासोबत दर आठवड्याला बैठक असते आणि तिचे निमंत्रण त्यांच्याकडून येते. मार्चच्या अखेरीस एका बैठकीला आमच्यातील अर्धे लोक दुपारी दीड वाजता हजर होते आणि उरलेले अडीचची वाट पाहत बसले होते. प्रत्येकाला आपलेच कॅलेंडर बरोबर वाटत होते. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पूर्ववत होतात. भारतात असा बदल होत नाही. त्यामुळे जर्मनीतील सकाळी दहाची बैठक हिवाळ्यात आपल्याकडे अडीच वाजता आणि उन्हाळ्यात दीड वाजता पडते. ज्यांनी निमंत्रण रीतसर स्वीकारले होते त्यांची नोंद आपोआप सरकली, कारण अशी मालिका आयोजकाच्या टाइम झोनला बांधलेली असते. ज्यांनी तीच बैठक सोयीसाठी स्वतः हाताने लिहून ठेवली होती, त्यांच्याकडे ती अडीचलाच राहिली. तेव्हापासून हाताने केलेल्या नोंदी काढून मूळ निमंत्रण स्वीकारण्याचा मी आग्रह धरते.

या प्रकरणाने मला शिकवले की वेळ चुकली एवढेच ऐकून थांबू नये, नेमकी कितीने चुकली ते विचारावे. एका तासाचा फरक असेल तर कारण बहुधा परदेशातील घड्याळबदल असतो. साडेपाच तासांचा असेल तर कुठेतरी भारतीय वेळेऐवजी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली गेली आहे. खरेदी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या संगणकावर हा फरक तब्बल साडेतेरा तासांचा निघाला. “मॅडम, घड्याळ तर अगदी बरोबर आहे,” असे ते सांगत होते आणि ते खरेही होते. विंडोज नव्याने टाकताना अमेरिकेतील पॅसिफिक टाइम झोन तसाच राहिला होता आणि दुरुस्ती करणाऱ्याने वेळेचे स्वयंचलित नियंत्रण बंद करून काटे तेवढे हाताने जुळवले होते. अशा संगणकाला मनातून वेगळीच वेळ वाटत असते. म्हणून बैठका भलत्या वेळी दिसतात, पाठवलेल्या मेलवर चुकीची वेळ पडते आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करतात. झोन भारतीय करून स्वयंचलित वेळ सुरू करताच तिन्ही अडचणी एकदम संपल्या. पूर्ण दिवसाची सुटी कॅलेंडरमध्ये दोन दिवसांवर पसरलेली दिसली, तरी मी आता आधी झोनच पाहते.

मेल परत येण्याच्या तक्रारी स्थलांतरानंतर वाढल्या. परत आलेल्या संदेशातील आकडा वाचायची सवय सर्वांनी लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. चारने सुरू होणारा संकेत तात्पुरत्या अडचणीचा असतो, पाचने सुरू होणारा कायमच्या. आमच्याकडे ५.१.१, म्हणजे पत्ता अस्तित्वात नाही, असा संकेत येत होता आणि तोही शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याला पाठवताना. नाव टाइप करताच आउटलुक जी सूचना दाखवते, तिच्यामागे जुन्या सर्व्हरचा अंतर्गत पत्ता साठवलेला राहिला होता. सूचनेच्या बाजूच्या फुलीवर क्लिक करून ती काढली आणि नाव नव्याने निवडले की मेल जात असे. जुन्या मेलना उत्तर देताना मात्र तोच दोष पुन्हा उद्भवे. तो मेल यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रशासकाने नव्या मेलबॉक्सला जुना अंतर्गत पत्ता एक्स५०० या पत्त्याच्या स्वरूपात जोडल्यावर मिटला.

आउटबॉक्समध्ये अडकलेल्या मेलचे कारण बहुतेकदा मोठी ड्रॉइंग्ज असत. जोडलेली फाइल पाठवताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २५ एमबीची मर्यादा १८-१९ एमबीलाच गाठली जाते. तेथे लिंक पाठवणे हाच उपाय. पासवर्ड वारंवार विचारला जात असेल, तर विंडोजच्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमधील, म्हणजे पासवर्ड साठवण्याच्या जागेतील, जुनी नोंद पुसावी.

सर्वांत चिवट ठरल्या त्या नोकरी सोडून गेलेल्या आयोजकांच्या बैठका. आउटलुकमध्ये मालिकेचा आयोजक बदलता येत नाही आणि त्याचे खाते बंद झाले तरी बाकीच्यांच्या कॅलेंडरमध्ये ती बैठक दर आठवड्याला उगवत राहते. खाते जिवंत असेपर्यंत प्रशासकाला पॉवरशेलमधून, म्हणजे लेखी आज्ञा देण्याच्या साधनातून, त्याच्या पुढील बैठका रद्द करता येतात. नंतर प्रत्येकाला आपापली नोंद पुसावी लागते. म्हणून आमच्या कार्यमुक्तीच्या फॉर्मवर, ओळखपत्र परत करण्याच्या रकान्याखाली, स्वतः आयोजित केलेल्या मालिका रद्द केल्या का, असा रकाना मी जोडून घेतला आहे आणि त्यावर विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय खाते बंद करण्याची विनंती पुढे जात नाही.