तुम्ही विचारलंत म्हणून: चेंडूला हात न लावणारा माणूस

डॅलसमध्ये गणपतीच्या पंगतीत बसलो असू, नाहीतर सांगलीला मामांच्या कट्ट्यावर, गाडी फिरून त्याच प्रश्नावर येते. "तुम्ही तो अमेरिकन फुटबॉल एवढा बघता, तर तुमचा आवडता खेळाडू कोण?" मी म्हणतो, फॉरेस्ट ग्रेग. "त्यानं किती गोल केले?" गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं, असं म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि जिलबीकडे वळतो. म्हणून आज एकदा नीट सांगतो.

चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच दांडगे असतात. मधला सेंटर चेंडू पायांमधून मागे देतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. समोरून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं, म्हणजे मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, फेकायला तीनेक सेकंद मिळतात. एवढंच काम. नंबर पुकारला जातो तो बहुतेक वेळा चूक झाल्यावर, पंचाच्या तोंडून. मी शाळेत कबड्डीत साखळीत असायचो. पकड झाली की टाळ्या कोपऱ्यातल्या पोराला आणि माझा हात मात्र खांद्यातून निखळलेला. त्यामुळे टीव्हीवर माझी नजर आपोआप त्या पाच जणांकडे जाते.

ग्रेग ग्रीन बे पॅकर्स या संघाचा उजवा टॅकल, नंबर 75. वजन साधारण 113 किलो, म्हणजे आजच्या मानानं किरकोळच. हात पुढे ताणून ढकलायची मुभा 1978 मध्ये आली. त्याच्या काळात हात छातीशी ठेवून खांद्यानं, आणि खरं तर पायांनी, अडवावं लागे. शेजारचा गार्ड जेरी क्रेमर जखमी झाला की हा टॅकल सोडून गार्डच्या जागी उभा राही. 1956 ते 1971 या काळात (1957 चं वर्ष लष्करात गेलं) तो सलग 188 सामने खेळला. आपण शिकवलेल्यांत हाच सर्वांत चांगला, असं पॅकर्सचे कोच विन्स लोम्बार्डी म्हणाले होते, आणि लोम्बार्डी कौतुकाच्या बाबतीत सढळ नव्हते.

31 डिसेंबर 1967 चा 'आइस बोल' नावाचा गोठवणारा सामना अनेकांना माहीत असतो. उणे 25 सेल्सिअस, 16 सेकंद उरलेले, क्वार्टरबॅक बार्ट स्टार क्रेमरच्या आडोशानं घुसला आणि पॅकर्स 21-17 जिंकले. टीव्हीनं तो आडोसा पुन्हा पुन्हा दाखवला आणि क्रेमर घराघरांत पोचला. त्याच्या अगदी शेजारी ग्रेग होता. सांगून उपयोग नाही, मामा म्हणतात, "शेजारी तर आम्हीही असतो."

मग ग्रेग कोच झाला. क्लीव्हलंडमध्ये 1975 ला पहिले नऊच्या नऊ सामने हरला, पुढच्या वर्षी त्याच संघानं 14 पैकी 9 जिंकले. 1980 मध्ये सिनसिनाटीत आल्यावर अँथनी मुन्योझ नावाचा पोरगा निवडायचा होता. कॉलेजात त्याच्या गुडघ्याच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या, सगळे बिचकत होते. ग्रेग स्वतः त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, अडव मला. मुन्योझनं त्याला पाठीवर पाडलं. तेव्हा ग्रेग 46 वर्षांचा होता. क्ष-किरण फोटोपेक्षा ही तपासणी मला जास्त पटते. मुन्योझ पुढे 13 हंगाम खेळला. जानेवारी 1982 मध्ये उणे 23 अंशांत सॅन डिएगोविरुद्ध सिनसिनाटीचे लाइनमन उघड्या दंडांनी उतरले, त्यात तो होताच. तो सामना जिंकून संघ सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेला आणि तिथे सॅन फ्रान्सिस्कोकडून 26-21 असा हरला. नंतर ग्रेग पॅकर्सचा कोच, चार हंगाम, पण फिकेच. व्यावसायिक लीगमध्ये हेड कोच म्हणून त्याचा हिशेब 75 विजय, 85 पराभव, एक बरोबरी.

मला सगळ्यात आवडतो तो त्यानंतरचा भाग, आणि तो माझ्या घरापासून जवळच घडला. इथल्या, डॅलसच्या, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात खेळाडूंना चोरून पैसे दिले जात होते, म्हणून त्यांचा 1987 चा फुटबॉल हंगामच रद्द झाला. 1988 ला विद्यापीठानं स्वतःच संघ उतरवला नाही. चांगले खेळाडू दुसरीकडे निघून गेले. ग्रेग याच कॉलेजात शिकलेला. बोलावणं आल्यावर तो पॅकर्स सोडून आला, बहुतेक नव्यानं भरती झालेल्या पोरांना घेऊन. पंचावन्न वर्षांचा कोच त्यांतल्या बहुतेकांपेक्षा उंच आणि वजनदार होता. पास झेलणाऱ्या हडकुळ्या पोरांना त्यानं लाइनमध्ये उभं केलं. 1989 मध्ये ह्यूस्टननं त्यांना 95-21 असं धुतलं. पण त्याआधी, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, कनेक्टिकटविरुद्ध मागे पडलेल्या याच पोरांनी शेवटच्या खेळीवर टचडाऊन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, आणि 31-30 जिंकलं.

त्या वर्षी 2 विजय, 9 पराभव. पुढच्या वर्षी 1 आणि 10. उतारवयात मात्र ग्रेग सांगायचा की, इतकी हिंमतवान पोरं मला कधी मिळाली नाहीत.

मामांना हे आकडे सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "बावीस सामन्यांत तीन? आणि हा तुझा आवडता?"

हो, मामा. हाच.