शॉकअप काढले आणि दोष निघाला भलत्याचाच

दोन महिने झाले गाडीच्या पुढून टक् टक् येत होतं. बारीक खड्ड्यात जास्त, मोठ्या स्पीडब्रेकरवर कमी, आणि उभ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवलं की वरून एक टंग् असा आवाज, ताणलेली तार सुटावी तसा. एका ठिकाणी दाखवली तर बॉनेटवर दोनदा दाबून बघितलं आणि लगेच निकाल, शॉकअप गेले, जोडी बदला. दाबून पूर्ण मेलेला शॉकअप कळतो हो, अर्धवट थकलेला नाही कळत, आणि हा टंग् आवाज शॉकअपचा असेल असं मला तरी पटेना. म्हटलं आधी काढून बघू.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. शॉकअप फक्त स्प्रिंगचं नाचणं थांबवतो, आत तेल बारीक भोकांतून जबरदस्तीने जातं, त्या झटापटीत हालचालीची उष्णता होते आणि उडी जिरते. माझ्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, आणि चाकाला वरून धरून ठेवणाराही तोच. त्यामुळे तो काढला की चाकाचा अँगल हलणार हे धरूनच चालायचं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. ब्रेकच्या पाइपचा क्लॅम्प आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वायर सोडवली. गाडीचं वळणात कलणं रोखणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडतो तो लिंक रॉड, त्याच्या नटने अर्धा तास खाल्ला, कारण नट फिरवला की आतला बॉलपण सोबत फिरतो, मधे ॲलन की घालून धरावं लागतं आणि तिथलं भोक गंजाने भरलेलं. दाभणाने कोरून काढलं, स्प्रे मारला, चहा प्यायलो, मग सुटला.

खाली स्ट्रट जिथे नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, जोडतो तिथे दोन मोठे बोल्ट असतात, ते सोडायच्या आधी बोल्टच्या डोक्याभोवती आणि ब्रॅकेटच्या कडेला ओरखडे मारून खूण केली, म्हणजे बसवताना निदान जवळपास त्याच जागी येईल. आणि इथेच गडबड. बोल्ट निघाला तसं अख्खं नकल बाहेरच्या बाजूला कललं आणि ब्रेकचा पाइप ताठ झाला. छातीत धस्स झालं. घाईत गुडघ्याने अडवलं आणि तारेने वर बांधलं. ही तार आधी बांधायची असते, पाइप ताणला जातो आणि जास्त कललं तर एक्सलचा आतला जॉइंटपण निसटू शकतो. दुसऱ्या बाजूला आधी तार, मग पाना.

बॉनेटखालचे तीन नट शेवटी, एका हाताने खालून स्ट्रट धरून. मधला मोठा नट मात्र गाडीवर असताना अजिबात सोडायचा नाही, दाबलेली अख्खी स्प्रिंग त्या एका नटावर अडकलेली असते, सुटली तर जीव जाईल. स्ट्रट बाहेर काढल्यावर आधी दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे, समोरासमोर लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं आणि स्प्रिंग हाताने हलायला लागली की मगच मधला नट. तेव्हाही तोंड बाजूला. आणि दांडा फिरतो म्हणून पकडीने आवळून धरू नका, क्रोमवर एक जरी ओरखडा पडला तरी तो वर-खाली होताना ऑइल सील कापत राहतो.

आता मजा. डावा शॉकअप उभा धरला, दांडा हळू दाबला, पूर्ण जाईपर्यंत सारखाच जोर लागला आणि सोडल्यावर आपोआप सावकाश वर आला. गॅसचा आहे, यायलाच पाहिजे. मग बारीक बारीक झटके देऊन बघितलं, कारण दिशा बदलताना मधे पोकळ लागलं तर तो गेला समजायचं. नाही लागलं. दांडा बाजूला हलवून बघितला, खेळ नाही. उजव्यावर सीलपाशी तेलकट धूळ होती पण ओघळ नव्हता, ओलसरपणा चालतो, तेल खाली वाहिलेलं चालत नाही.

मग स्ट्रटच्या वरच्या टोकाचं, स्टीअरिंगबरोबर स्प्रिंगला फिरू देणारं बेअरिंग बोटांत धरून फिरवलं आणि हसायलाच आलं. कर्र कर्र, आत वाळू भरल्यासारखं, एका जागी तर अडकायचंच, आणि उलटं केल्यावर तांबूस पाण्याचा थेंब हातावर. म्हणजे स्टीअरिंग वळवलं की बेअरिंग फिरायचं नाही, स्प्रिंगच पिळायची आणि मग सुटायची, टंग्! माउंटचं, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला जोडणाऱ्या तुकड्याचं, रबर लोखंडापासून सुटलेलं, तीच टक् टक्. बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप तळाला आपटू नये म्हणून दांड्यावर असलेला मऊ ठोकळा, त्याचा तर हातातच चुरा झाला. म्हणजे दोन महिने ज्याला शिव्या दिल्या तो बिचारा शॉकअप धडधाकट होता.

दोन्हीकडे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप, धूळ अडवणारं बूट आणि सगळे लॉक नट नवे घातले. बसवताना स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलंय का ते नीट बघा, माझं बोटभर मागे राहिलं होतं आणि कॉम्प्रेसर सैल करताना दिसलं, परत सगळं आवळा. नट आधी हाताने लावले, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे अँगल जुळवून घेणं, खुणा असूनही डावीकडे फरक निघालाच.

आवाज गेला. उजव्या शॉकअपवरची तेलकट धूळ पुसून कोरडी केलीय, पुढच्या वेळी चाक निघेल तेव्हा तिथे परत ओलं झालंय का ते बघतो.