कोशाचा स्कीमा: जिंग अखेर गप्प झालं

माझा शब्दकोश एक्सएमएलमध्ये आहे. त्याच्या फाइलींची रचना कशी असावी याचे नियम म्हणजे स्कीमा. तो लिहायला डीटीडी ही जुनी भाषा सोडून रिलॅक्स एनजीकडे यायचं, हे मागच्या वेळी ठरलंच होतं. स्कीमा एका भाषेतून दुसरीत नेणाऱ्या ट्रँग या प्रोग्रामने रूपांतर बिनतक्रार करून दिलं. रिलॅक्स एनजीची आटोपशीर लेखनपद्धत, म्हणजे कॉम्पॅक्ट सिंटॅक्स, वाचायला इतका सोपा, की एक्सएसडी या दुसऱ्या स्कीमा-भाषेतल्या कंसांच्या जंगलात परत जाववत नाही.

मग टीप या एलिमेंटमध्ये (टॅगने वेढलेल्या घटकात) काहीही चालू दे म्हणून वाइल्डकार्ड टाकलं आणि जिंग, म्हणजे फाइली स्कीमाशी ताडून बघणारा प्रोग्राम, अडून बसलं: नोंदीच्या आयडी ॲट्रिब्यूटचे (टॅगमध्ये लिहिलेल्या गुणाचे) प्रकार आपसांत जुळत नाहीत! वैताग याचा, की एकही फाइल अजून तपासलेली नाही. तक्रार थेट स्कीमावरच.

आयडी (फाइलीत एकदाच येणारी ओळख) आणि आयडीरेफ (त्या ओळखीकडे बोट दाखवणारा संदर्भ) हे प्रकार रिलॅक्स एनजीच्या गाभ्यात नाहीत. डीटीडी-सुसंगतीचं 2001 चं वेगळं स्पेसिफिकेशन आहे, त्यात ते येतात. त्याची अट अशी, की एका नावाच्या एलिमेंटवरचं एकाच नावाचं ॲट्रिब्यूट स्कीमाभर एकाच आयडी-प्रकाराचं हवं. माझं वाइल्डकार्ड म्हणत होतं, कुठलंही एलिमेंट, कुठलंही ॲट्रिब्यूट, आत नुसता मजकूर. म्हणजे टिपेच्या आत 'नोंद' आली तर तिचा आयडी साधा मजकूर, बाहेर आली तर खरा आयडी. बरं, वाइल्डकार्डलाच आयडी प्रकार द्यावा, तर तीही वाट बंद: आयडी धारण करणाऱ्या एलिमेंटला ठरलेलं नाव लागतं.

ही तपासणी बंद करायचा पर्याय जिंगमध्ये आहे. मला तो पटत नाही. तुटके संदर्भ पकडायलाच तर सगळा खटाटोप!

सुटलं ते नेमस्पेसने, म्हणजे नाव कुठल्या शब्दसंग्रहातलं हे सांगणाऱ्या खुणेने. माझ्या एलिमेंटना नेमस्पेस नाही आणि टिपांत येणारं सगळं परकं, एक्सएचटीएमएल (वेबपानांचं) नाहीतर मॅथएमएल (गणिताचं). वाइल्डकार्डमधून नेमस्पेस नसलेली सगळी नावं वजा केली आणि जिंग गप्प. मुद्दाम दोन नोंदींना एकच आयडी दिला, तर लगेच ओरडलं. काय बरं वाटलं!

आता समानार्थींचे दुवे. तो आयडी फाइलीत कुठेतरी आहे, एवढंच आयडीरेफ बघतं. दुवा नोंदीऐवजी उदाहरणाकडे गेला तरी त्याला चालतं. एक्सएसडीचं की-कीरेफ, म्हणजे दुवा ठरावीक एलिमेंटकडेच जावा ही अट, हे पकडतं, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मी मात्र स्कीमाट्रॉन, म्हणजे हव्या त्या अटी लिहून तपासायची भाषा, घेणार, कारण चूक सापडल्यावरचा संदेश आपल्या शब्दांत लिहिता येतो.

पण थांबा. एकच आयडी दोनदा आलाय का, हेही स्कीमाट्रॉन बघू शकतं. मग आयडी प्रकार हवाच कशाला? तो काढला तर आकड्याने सुरू होणारे नोंदक्रमांकही चालतील, जे आयडीत चालत नाहीत. आधी हेच करून बघतो. फक्त दर दुव्यामागे एक्सपाथने (एक्सएमएलमधल्या जागा शोधायच्या भाषेने) अख्खा कोश धुंडाळायला नको, म्हणून एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेतली की, म्हणजे झटपट शोधायची सूची, जोडावी लागेल.